वाघजाईला दोनदा हाक

माले गावातल्या शेडग्यांच्या घरी देवांची पाळी चैत्री पौर्णिमेला बदलते. कुळदेवांचे पाच चांदीचे टाक एक वर्ष थोरल्याच्या देव्हाऱ्यात आणि एक वर्ष धाकट्याच्या, असा दंडक वाटणीच्या वेळी पंचांनी घालून दिला होता. शेते वाटली, गोठा वाटला, अंगणातून कमरेइतकी भिंत गेली. पण देव वाटता येत नाहीत, म्हणून त्यांनाच वर्षावर्षाने उंबरठा ओलांडावा लागे. गेल्या नऊ वर्षांत त्यांच्या सोबतीला दोघा भावांपैकी कोणीही गेला नव्हता. थोरल्या घरची सून शारदा डोईवर पदर घेऊन, टाकांची पाटी दोन्ही हातांत धरून भिंतीला वळसा घालून जाई किंवा येई. देव बोलत नाहीत, आणि त्या वाटेवर तीही बोलत नसे.

यंदा टाक धाकट्या घरून थोरल्या घरी यायचे होते. पौर्णिमेच्या आदल्या दुपारी शारदा भिंतीलगत बाज टाकून सांडगे घालीत होती, तेव्हा पलीकडून सायली आली. ही धाकट्या घरची नात, पौडला कॉलेजात जाणारी. भिंतीवर दोन्ही कोपरे टेकून तिने निरोप सांगितला की उद्या आजोबा स्वतः पाटी घेऊन येणार आहेत, आणि जेवायलाही थांबणार आहेत.

शारदेच्या हातातले पीठ तसेच बोटांवर राहिले. लग्न होऊन या घरात आल्यावर तिने दोघा भावांना एका ताटात जेवताना पाहिले होते, आणि पुढे एकमेकांच्या सावलीला वळसा घालतानाही पाहिले होते. कारण साऱ्या माल्याला ठाऊक होते. वाटणीत तालमीची जागा धाकट्या एकनाथाच्या वाट्याला गेली. ज्या आखाड्यात थोरल्या गेणबाने त्याला लंगोट बांधायला शिकवला, तोच आखाडा बुजवून एकनाथाने कंपनीतल्या माणसांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या. गेणबा चार लोकांदेखत म्हणाला होता की ज्या मातीनं तुला उभा केला तिलाच तू गाडलीस. त्या वाक्यानंतर दोघांत दुसरे वाक्य झाले नाही.

"आजोबा कशानं विरघळले गं?" शारदेने विचारले.

"मोठ्या आजोबांमुळं. ते रोज चार वाजता आमच्या टीव्हीवर कुस्ती लावतात ना, माघापासनं. आमचा टीव्ही आपोआप चालू होतो. आजोबा म्हणतात, दादा तोंडानं बोलत न्हाईत, पन बोलावत्यात."

शारदेला काही उमगेना. गेणबा रोज चार वाजता कुस्ती लावी, हे खरे. दिवाळीत तिच्या मुलाने, निरंजनने, टीव्हीच्या मागे खोचायची एक काडी आणून दिली होती. गेणबाची दृष्टी मंदावलेली, मोबाइलच्या इवल्याशा पडद्यावर पैलवान मुंग्यांसारखे दिसत. आता मोबाइलवर कुस्ती निवडायची, एका खुणेवर बोट ठेवायचे, आणि कुस्ती भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर अवतरायची. पण ती शेजारच्या घरी कशी जाईल, आणि मामंजी ती तिकडे का पाठवतील?

चार वाजता ती चहाची कपबशी घेऊन सासऱ्यांच्या मागे उभी राहिली. गेणबाने उजव्या हाताची तर्जनी आधी धोतराला पुसली, कारण वाघजाईचे नाव खरकट्या बोटाने घ्यायचे नाही. शेडग्यांच्या घरात कोणतीही नवी वस्तू देवीच्या नावावाचून आत येत नाही. ट्रॅक्टरच्या कपाळावर वाघजाई, बोअरच्या पंपाच्या पेटीवर वाघजाई, मळणीयंत्रावरही तीच. काडी बसवताना पडद्यावर तिचे नाव विचारले गेले, तेव्हा गेणबाने नातवाला "वाघजाई लिव" असे सांगितले होते.

बोट खुणेवर टेकले. मोबाइलवर यादी उघडली, आणि शारदेने पाहिले की यादीत वाघजाई दोन होत्या, एकाखाली एक.

गेणबाने पहिलीवर बोट ठेवले. समोरचा पडदा काळाच राहिला. त्याने शांतपणे यादी पुन्हा उघडली, दुसरीवर बोट ठेवले, आणि हलगीच्या कडकडाटात कुस्ती सुरू झाली.

"दोनदा दाबाया लागतंय व्हय, मामंजी?" तिने विचारले.

"लागतंयच. पयल्या हाकंला ती ऐकती, दुसऱ्या हाकंला येती. देवीच हाय ती, नोकर न्हाई."

भिंतीपलीकडून त्याच हलगीचा कडकडाट अर्ध्या क्षणाच्या अंतराने येत होता. गेणबाचे कान त्याच्या डोळ्यांहूनही थकले होते, म्हणून त्याला तो कधी आला नव्हता. आणि शारदा त्या वेळी नेहमी गोठ्यात असे.

आता तिला सारे उमगले. माघात सायलीने तशीच काडी आणली, तेव्हा तिला आपल्या घरचा इंटरनेटचा पासवर्ड भिंतीवरून शारदेनेच सांगितला होता. घरात कोणाला न विचारता, एका पोरीची हौस म्हणून. एकाच इंटरनेटवर आलेल्या दोन्ही काड्या तेव्हापासून मामंजींच्या मोबाइलला दिसत होत्या. पलीकडेही काडीने नाव विचारले असेल, आणि एकनाथानेही क्षणाचा विचार न करता तेच नाव सांगितले असेल. एका आईच्या दोन लेकरांनी, नऊ वर्षांचा अबोला धरून, एकच नाव लिहिले होते. आणि त्या बिचाऱ्या यंत्राला भिंत कोठे आहे हे कोणी सांगितले नव्हते.

निरोप ऐकून गेणबाने मात्र न्हाव्याला बोलावणे धाडले. ठेवणीतले धोतर काढायला सांगितले. रत्नाबाईंना, म्हणजे शारदेच्या सासूबाईंना, तो हलकेच म्हणाला की उशिरा का होईना, एकनाथाला कळले. दोघांच्याही अंतःकरणात एकच समाधान होते की समोरचा आपणहून नमला. त्यांतला कोणीही नमलेला नव्हता, आणि हे जाणणारी घरात एकटी शारदा होती.

तिने नवऱ्याला, विश्रामला, सांगून पाहिले. तो घोटावड्याच्या कारखान्यातून दमून आला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, तू गप राहा, एवढे बोलून तो अंघोळीला गेला. सायलीला सांगितले तेव्हा ती म्हणाली की काकी, नाव बदलणे एका मिनिटाचे काम आहे, आत्ता बदलते. शारदेने तिला थांबवले. नाव बदलले की धाकट्या घरचा पडदा उद्यापासून मुका होणार, आणि एकनाथाला वाटणार की आपण हाक स्वीकारली त्याच दिवशी दादाने ती बंद केली. खोट्याच्या आधारावर उभा राहिलेला हा मांडव तिला पाडवत नव्हता, आणि त्याखाली पाहुण्याला बसवण्याचा धीरही होत नव्हता.

पौर्णिमेला सूर्य कासराभर वर आला तेव्हा एकनाथ आला. डोक्याला नवा फेटा, हातांत टाकांची पाटी, मागे सायली. अंगणाच्या मधोमध त्याची पावले क्षणभर मंदावली, मग तो थेट उंबरठ्याशी येऊन उभा राहिला. रत्नाबाईंनी त्याच्या पायांवर पाणी घातले. देव देव्हाऱ्यात बसले, खण-नारळ झाला, पुरणाचा नैवेद्य दाखवला गेला. आरतीच्या वेळी दोघे भाऊ शेजारी उभे होते. मध्ये एक माणूस मावेल इतके अंतर होते आणि दोघेही देवीकडेच पाहत होते.

पाने पुढच्या सोप्यात मांडली. विश्राम पाहुण्यांसाठी दही आणायला वाडीवर गेला होता, म्हणून पंगतीला दोघे भाऊच. सायली वाढायला. रत्नाबाई बाजेवर टेकून, आणि शारदा स्वयंपाकघराच्या दारात, हाताशी पोळ्यांची दुरडी घेऊन. आधी पावसाच्या अंदाजाचे बोलणे झाले, मग भाताच्या बियाण्याचे, मग कासार आंबोलीच्या वळणावर पुन्हा कोणा पुणेकराची गाडी खड्ड्यात गेली त्याचे. धाकट्या जाऊबाई, कल्पनाबाई, का आल्या नाहीत, असे रत्नाबाईंनी विचारले तेव्हा एकनाथ म्हणाला की तिचे गुडघे धरलेत, पण पुढच्या खेपेला येईल. पुढच्या खेपेला, हे शब्द ऐकून रत्नाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

दुसरी पोळी मोडता मोडता एकनाथ थांबला.

"दादा, मी काय हट्टानं बसलो न्हवतो. पन तुमी माघापास्नं रोज हाक मारताय, मंग मला तरी किती दिस बहिरं ऱ्हाता येईल?"

गेणबाने मान वर केली. "कसली हाक?"

"कुस्तीची. रोज चारला आमच्या टीव्हीवर लावताय ती."

"तुज्या टीव्हीवर? मी?" गेणबाच्या कपाळाला आठी पडली. त्याला आयुष्यात खोटे बोलण्याचा सराव नव्हता, आणि समोरच्याची लाज राखण्यासाठी थोडे तरी थांबावे, हेही त्याला कधी जमले नव्हते. "मी कशाला लावीन तुज्या टीव्हीवर? मी माज्या टीव्हीवर लावतोय."

एकनाथाच्या हातातला घास ताटात परत गेला. सत्तर वर्षांच्या त्या चेहऱ्यावर तांबूस छटा चढली आणि कानांपर्यंत गेली. शारदेने पाहिले की तो आता उठेल, आणि या वेळी उठला तर पुढची खेप कधीच येणार नाही. गप राहिले तर मामंजींच्या तोंडून आलेले नुसते नाकारणेच त्याच्यासोबत भिंतीपलीकडे जाईल. तिने दुरडी खाली ठेवली आणि आयुष्यात प्रथमच दोघा वडीलधाऱ्यांच्या पंगतीत पुढे येऊन उभी राहिली.

"मामंजी, चूक माजी हाय."

मग तिने सारे सांगितले. पासवर्ड आपण दिला, विचारले नाही. दोन्ही काड्यांना एकच नाव पडले. यादीत दोन वाघजाई दिसतात. वरची धाकट्या घरची, खालची आपली. एकही शब्द तिने गाळला नाही, आणि सायलीने मध्ये बोलू पाहिले तेव्हा तिला डोळ्यांनीच गप केले.

"म्हंजी पयल्या हाकंला..." गेणबा स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला.

"पयल्या हाकंला ती धाकल्या घरी जात हुती. दुसऱ्या हाकंला आपल्याकडं येत हुती."

एकनाथाने ताटाकडे पाहिले. "मंजी मी बिनबोलावता आलो," तो म्हणाला. शब्दांत राग नव्हता, म्हणून ते अधिक जड वाटले. त्याने पाण्याच्या तांब्याकडे हात नेला.

"भावजी, देवीचा दिस हाय, ताटावरनं उठू नगा," रत्नाबाई म्हणाल्या.

"न्हाई वैनी. पाटी पोचती झाली. आमचं काम झालं."

"थांब," गेणबा म्हणाला.

त्याच्या स्वरात आखाड्यातल्या वस्तादाची धार होती, आणि एकनाथाचा हात तांब्यावरच थबकला. मंद डोळ्यांनी तो धाकट्याचा चेहरा चाचपल्यासारखा पाहत होता.

"माघापास्नं रोज लागत हुती म्हनतोस?"

"रोज."

"तुज्या टीव्हीला बंद करायचं बटान न्हाई?"

एकनाथाने तांब्यावरचा हात मागे घेतला.

"न्हाई का?"

"हाय."

"मंग?"

"कल्पी रोज म्हनायची, बंद करा, त्येंची कुस्ती त्येंनाच लखलाभ." एकनाथ पुरणपोळीच्या तुकड्याकडे पाहत बोलत होता. "म्या रिमोट उशीखाली घालून बसायचो."

"हीच उशी नऊ वरसांमागं का न्हाई सापडली?" रत्नाबाई पुटपुटल्या, पण कोणी लक्ष दिले नाही.

गेणबाने आपल्या ताटातली पोळी मोडली, तुपात बुडवली आणि सावकाश खाल्ली. शारदेला वाटले की आता आपल्याला बोल लागणार, पासवर्डाचा न्याय होणार. पण सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलेही नाही.

"मागल्या मंगळवारची पाह्यलीस?" त्याने विचारले.

"घोटावड्याच्या पोराची? पाह्यली."

"चितपट झाली."

"पंचानं दिली म्हणून झाली. डावा खांदा टेकलाच न्हवता, दादा."

"टेकला हुता."

"तुमाला दिसतंय व्हय आता? अर्धा हात वर हुता. सायलीनं पुन्यांदा मागं नेऊन दावली मला. तीनदा."

"तीनदा?" गेणबाच्या मिशीच्या कडा हलल्या. "आन त्यो ढाकंचा डाव? ती ढाक हुती का? अशी लावत्यात ढाक?"

"तुमी मला शिकवली तशीच लावली त्यानं."

"मी तशी शिकवलीच न्हाई. तू तशी शिकलास."

सायली तोंडावर हात धरून स्वयंपाकघरात पळाली. ताटे वाळत चालली, दोघांच्याही हातांवरचे पुरण सुकले, तरी कोणी आचवायला उठेना. मंगळवारनंतर गुरुवारची कुस्ती निघाली, मग होळीच्या दिवशीची, मग त्या काळ्या सांगलीकराची, जो पाय लावताना डोळे मिटतो. एकाने आरंभलेली कुस्ती दुसरा पुरी करीत होता. भिंतीच्या दोन बाजूंना बसून दोघांनी अडीच महिने एकाच फडाला हजेरी लावली होती, एकाच चुकीला मांडीवर हात आपटला होता. आणि आता त्या साऱ्याचा हिशेब त्यांना एकमेकांखेरीज दुसऱ्या कोणाशी मांडता येत नव्हता.

बोलता बोलता गेणबा मध्येच थांबला. नऊ वर्षे गिळलेला प्रश्न त्याने आता विचारला, आणि तो विचारताना त्याचा आवाज अगदी हलका झाला.

"माती कुटं टाकलीस?"

कोणती, हे एकनाथाने विचारले नाही.

"टाकली न्हाई. वरच्या बांधाला आंब्याची कलमं लावली, त्येंच्या आळ्यांत घातली. दोन ट्रॉल्या झाल्या. हळद, ताक, तेल पिलेली माती, दादा. टाकीन कशी?"

"मला कुनी सांगितलं न्हाई."

"तुमी इचारलं न्हाई."

गेणबाने मान खाली घातली. हे खरे होते, आणि खरे ऐकून घेण्याची सवय त्याला खोटे बोलण्याइतकीच कमी होती. शारदेने पाहिले की त्याचे ओठ दोनदा हलले आणि मिटले. शेवटी तो म्हणाला, "त्या दिशी चार लोकांत बोललो. तसं बोलाया नगं हुतं." वाक्य लहान होते, पण ते बाहेर येताना त्याने जमिनीवर हात टेकला होता.

एकनाथाने आपल्या पानातली उरलेली पोळी संपवली, ताटाभोवती पाणी फिरवले, हात धुतले. मग उभा राहून त्याने फेटा काढला आणि बाजेवर ठेवला.

"उठा," तो म्हणाला. "कशी शिकवली हुती, दावा."

"माजं गुडगं गेल्यात, एकनाथा."

"माजी कंबार गेलीया. जोड बरुबरीची हाय."

गेणबा उठला. उठताना त्याचा तोल किंचित गेला, आणि धाकट्याचा हात आपोआप त्याच्या काखेखाली गेला, तसाच तो काढूनही घेतला गेला. सोप्याच्या मोकळ्या फरशीवर दोघे समोरासमोर उभे राहिले. धोतराचे सोगे दोघांनीही खोचले. शारदा आणि सायली दारात होत्या, रत्नाबाई बाजेवरून उतरल्या होत्या.

एकनाथाने हात पुढे केला, पण धरले नाही. तालमीचा एक नियम आहे, आणि तो नातेगोते, वाटणी, अबोला यांपैकी कशालाही विचारीत नाही: वस्तादाच्या अंगाला हात लावायचा तर आधी त्याच्या पायाला लावायचा. सत्तर वर्षांचा तो देह कण्हत वाकला. धाकट्याची बोटे थोरल्याच्या अनवाणी पायांना लागली आणि तेथे, नियमाला लागते त्याहून थोडा अधिक काळ, राहिली. भाऊ म्हणून ज्याला वाकणे जमले नसते, तो पैलवान म्हणून वाकला. आणि थोरल्याचा पंजा, वस्तादाचा म्हणून, त्याच्या उघड्या टाळूवर पडला.

"ऊठ," गेणबा म्हणाला. "उजवा हात माज्या मानंत घाल. हां. आता कंबर आत. अजून आत. तीच तर चूक हाय तुजी, कंबर लांब ठिवतोस."

"अशी?"

"अशी न्हाई. जवळ ये की. खाणार हाय का मी तुला?"

रत्नाबाईंनी कपाळाला हात लावला.

"शारदे," त्या म्हणाल्या, "ती बाज बाजूला घे आदी. आन ताटं उचल. आता ही काय ऐकायची न्हाईत."